पालथा दगड

मी एक जुना दगड आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! दगडाला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण ज्याला आयुष्यभर कुणी बोलूच दिलं नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठतं.

खाणीतून काढलं तेव्हा मी अगदीच ओबडधोबड होतो. पाथरवटाने मला तासून चौकोनी केलं आणि माझ्यावर एका बाईचं नाव कोरलं. ती ऐन तारुण्यात तापाने गेली होती. तिचा नवरा रोज येऊन विचारायचा, "झालं का हो?" काम झालं त्या दिवशी त्याने नावावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग गावाबाहेरच्या दफनभूमीत, तिच्या उशाशी मला उभं केलं. त्याच्या कडेवर त्यांची लहानगी लेक होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता, ती आपली माझ्यावर थापट्या मारत होती.

पुढे पोटापाण्यासाठी बाप तिला घेऊन दूर गेला. गवत वाढलं, काटे वाढले, आणि एका पावसाळ्यात मी कलंडलो.

दफनभूमीच्या तोंडाशी एक चर होता. त्यावरची फळी कुजली होती आणि खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते. कबरी खोदणारे काका मनाने फार भले. फळीच्या जागी टाकायला त्यांनी मला उचललं. "माफ कर गं बाई," ते पुटपुटले, "नीट पूल झाला की तुझा दगड परत आणून ठेवतो. तोवर तुझ्या नावावर कुणाचा पाय नको पडायला." आणि त्यांनी मला पालथा घातला. पूल काही झाला नाही. काकाच गेले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी वर्षानुवर्षं खाल्ला. माणसं गेली, शेळ्या गेल्या, हातगाड्या गेल्या. माझं तोंड चिखलात.

एके दिवशी काठी टेकत एक म्हातारी आली. सोबत नात होती. "इथेच कुठेतरी आहे गं माझी आई," म्हातारी म्हणाली. "दगडावर नाव आहे, असं बाबा सांगायचे. डोळे मिटायच्या आत एकदा तिच्यापाशी बसायचंय मला." तीच ती, थापट्या मारणारी! नात एकेक दगड पाण्याने धुऊन वाचायची आणि मान हलवायची. दोघी पुन्हा पुन्हा आल्या. दर वेळी म्हातारीची काठी माझ्या पाठीवर टकटक वाजायची. अगं बये, थांब की, मी इथे आहे! पण ओरडणार कसा?

मग तिचे गुडघे गेले. ती चाकाच्या खुर्चीतून आली आणि खुर्ची माझ्यापाशीच अडली. चाकांच्या मानाने मी अरुंद पडलो. "तू जा, शोध. मी बसते इथेच," ती म्हणाली. नातीला ते बघवलं नाही. तिने घरोघर जाऊन गावकऱ्यांना गोळा केलं. रुंद, सपाट वाट करायचं ठरलं.

गवंड्याने पहार लावून मला उलटं केलं. "अरेच्चा, अक्षरं आहेत की!" नातीने चिखल धुतला, नाव वाचलं आणि आजीची खुर्ची माझ्यापाशी आणली.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" कुणीतरी हसलं. म्हातारी मात्र माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे मी आईच्या अंगावरून चालत होते?"

"नाही गं आजी. हा नुसता दगड आहे."

"मग आई कुठंय?"

ज्यांना ठाऊक होतं, ते काका केव्हाच गेले होते.

आता वाट झाली आहे. खुर्ची जिथवर येते, तिथे मला उभं केलंय. म्हातारी येते, मला कपाळ टेकते, बोलत बसते. पण माझ्याखाली कुणी नाही, मित्रांनो. तिची आई मागच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपाखाली आहे. तिकडे वाट जात नाही. परवा नात पाणी आणायला गेली, तेव्हा म्हातारीने हळूच मला विचारलं, "तुला तरी ठाऊक असेल ना रे, कुठे आहे ती?"

ठाऊक आहे. पण काय उपयोग?

म्हणून हात जोडून सांगतो, अर्थात मला हात नाहीत, पण समजून घ्या. कुणाच्या उशाचा दगड हलवायचाच झाला, तर आधी ती जागा चार जणांना दाखवून ठेवा. आणि आपली माणसं कुठे विसावली आहेत, ते घरातल्या थोरांना आजच विचारा. विचारायचं राहून गेलं, की मग दगडाला विचारत बसावं लागतं.