दोन दिवस दाराबाहेर

तिसऱ्या मजल्यावर पोचता पोचता ओक-बुनला सडका वास आला. मास्क असूनही वास येत होता. जोम-रे आक्कांचं दार बंद होतं. दारापाशी घरपोच आलेलं पांढरं खोकं तसंच पडलं होतं. एकटी राहणारी म्हातारी, न उचललेलं खोकं आणि हा वास! नाही नाही ते तिच्या मनात आलं.

तीस वर्षं जोम-रे आक्का देगू शहराच्या बाजारात तिच्या मासळीच्या गाळ्यावर येत होत्या. बांगड्याचे कल्ले उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा तुझ्या लग्नात मेलेला दिसतोय." मग घासाघीस, मग वर एक छोटा मासा फुकट, मग तासभर गप्पा. साथ आली, बाजार फवारणीसाठी बंद झाला आणि पुन्हा उघडला तेव्हा गिऱ्हाईक परत आलंच नाही. लोकांना सगळंच फोनवरून मागवायची सवय लागली होती. गल्लीत दारोदार खोकी दिसायची. समोरच्या भाजीवालीने गाळा सोडला, तेव्हा आता आपली पाळी अशी धास्ती ओक-बुनला बसली. पण आक्का येत नाहीत याची धास्ती त्याहून मोठी होती. त्यांचा नंबरही तिच्याकडे नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं? आक्कांच्या नवऱ्याच्या श्राद्धाला एकदा मासे पोचवले होते, म्हणून घर तेवढं ठाऊक होतं.

दार ठोठावायला ती पुढे झाली, तेव्हा वास खालून, खोक्यातून येतोय हे तिला कळलं. तिने वाकून झाकण उचललं. बांगडा होता, पुरता उतरलेला. ती पायरीवर मटकन बसली आणि तिला रडूच फुटलं. मासाच आहे, फक्त मासा. आणि मग डोळे पुसता पुसता तिच्या मनाला लागलं, की मासा आहे, पण आपल्याकडचा नाही.

तिने दार वाजवलं. "आक्का, मी ओक-बुन. बाजारातली."

आत चपला घासल्या. "लांब उभी राहा गं. तुमच्या बाजारात रोगी सापडला म्हणे."

"मी धडधाकट आहे. तुम्ही कशा आहात?"

"आहे अजून." आवाज अगदी बारीक झाला होता. सोल शहरात असलेला मुलगा सगळं मागवून देतो, त्या सांगू लागल्या. कुणाला दार उघडू नकोस म्हणतो, खोकं दोन दिवस बाहेरच राहू दे म्हणतो, म्हणजे त्यावरचा रोग मरतो.

"रोगाचं मला माहीत नाही, आक्का, पण मासा दुसऱ्यांदा मेलाय. हा खाऊ नका."

 मग आक्का दाराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "मागचा खाल्ला मी. पोट बिघडलं. मुलाला बोलले नाही. तो गाडी पाठवेल, दवाखान्यात नेतील. वरच्या मजल्यावरची नेली, ती आलीच नाही."

 ओक-बुनने पिशवीतून कागदात गुंडाळलेला मासा काढला. "सकाळचा ताजा आहे. दाराशी ठेवते. मी खाली गेले की लगेच घ्या."

"ठेव," आक्का म्हणाल्या. "परवा घेते."

तिला हुज्जत घालावीशी वाटली. पण बाजारात कुणी खोकलं की आपणही श्वास कोंडून धरतो, हे तिला आठवलं. मासा तिने परत पिशवीत घातला. संध्याकाळी पुन्हा येते म्हणाली, सडकं खोकं उचललं आणि खाली जाऊन कचऱ्यात टाकलं.

गाळ्यावर येऊन तिने तोच बांगडा पाठीतून चिरला आणि जाड्या मिठाची गोण पुढ्यात ओढली. पूर्वी समुद्रावरून मासा यायला दिवस लागत, तेव्हा तिची सासू डोंगरातल्या गावांसाठी असाच खारवायची. तिने एक मूठ पोटात भरली, एक पाठीवर चोळली. दोन दिवस दाराबाहेर टिकायला हवा होता. मनाला धीर येईना म्हणून आणखी एक मूठ घातली. मग टोपलीतून एक छोटा मासा निवडला आणि वर घालायला तोही चिरायला घेतला.