थोरल्या बायकोचं मत

पल्लूकला यात काय मिळणार होतं, ते आधी सांगते. डंपर चालवणारा तो मुकादम होणार होता. तासाला अकरा डॉलर जास्त, खाणीच्या वसाहतीत एकट्याची खोली आणि हाताखाली दक्षिणेकडून आलेले आठ गोरे. पगाराचं तो फक्त घरी बायकोला, सीलाला सांगायचा. गोऱ्यांचं मात्र सहकारी दुकानात येऊन सगळ्यांना. मी तिथे गल्ल्यावर बसते, त्यामुळे माझं ते पाठ झालं होतं. खाण सुरू होऊन बारा वर्षं झाली, उत्तर टोकाच्या आमच्या या बर्फाळ गावातली निम्मी तरणी माणसं दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे इकडे अशी राहतात, पण आमच्यातला मुकादम अजून एकही नव्हता.

बदल्यात त्यानं करायचं काय, तर आपल्या थोरल्या बायकोकडे एक गोष्ट मागायची.

थोरली म्हणजे तापिता, वय सत्त्याहत्तर. तिचा नवरा बर्फावर शिकारीला गेला तो परतलाच नाही. त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरी हा जन्मला आणि त्याला मयताचं नाव ठेवलं, पल्लूक. नाव ठेवलं की माणूस परत आला, यात आमच्याकडे कुणी शंका काढत नाही. म्हणून तापिता या सव्वीस वर्षांच्या पोराला 'अहो' म्हणायची, आणि तो बोलायला लागल्यापासून तिला 'अगं'. त्यानं मागितलं आणि तिनं नाही म्हटलं असं कधी झालं नाही. होणारच नाही. मागणारा मेलेला असतो. त्याला पुन्हा थंडीत कसं धाडायचं?

दुकानात पोरं चिडवायची, "काय रे, थोरलीनं हातमोजे शिवले का?"

"शिवले की, सीलच्या कातड्याचे. तुझी एकुलती एक तेवढंसुद्धा शिवत नाही."

खाणीवर नव्या गोऱ्यांना आमच्या चालीरीती सांगायचा एक वर्ग असतो. पल्लूकनं तिथं ही सगळी गंमत सांगितली. माणसं पोट धरून हसली. गावाशी संबंध ठेवायला नेमलेला कर्टिस तेवढा हसला नाही. त्यानं ऐकून ठेवलं.

लोखंडाचं खनिज न्यायला खाणीला जूनमध्येच जहाजं आणायची होती, बर्फ वितळायची वाट न बघता तो फोडत. त्याला शिकारी मंडळाची संमती लागते. मंडळात सात जण. तिघे इकडे, तिघे तिकडे, आणि सातवी तापिता. तिचं म्हणणं सरळ होतं. "त्या आवाजात एकशिंगी देवमासा येणार नाही. आणि फोडलेला बर्फ माणसाला सांगून तुटत नाही."

कर्टिसनं पल्लूकला जेवणघरात गाठलं. "तू मागितलंस तर ती नाही म्हणत नाही ना?"

"ते मोज्यांचं वगैरे."

"माझा काही आग्रह नाही. मुकादमाच्या जागेवर गावात वजन असलेला माणूस हवा, एवढंच."

सुट्टीवर आल्या दिवशीच पल्लूक तापिताकडे गेला. सीला, म्हणजे माझी भाची, लेकरू पाठीशी घेऊन बरोबर होती. पुढचं तिच्याच तोंडून कळलं.

जमिनीवर पुठ्ठा पसरून तापितानं गोठलेलं मांस मांडलं होतं. "बसा हो. सीलचा पंजा राखून ठेवलाय तुमच्यासाठी."

"अगं, ते जहाजांचं," पल्लूक म्हणाला. "हो म्हणून टाक."

तिनं हातातली सुरी पुसली. "हे कोण मागतंय?"

इथं त्याला सुटायला जागा होती. सीलाचा नवरा मागतोय म्हणाला असता, तर तापितानं हसून त्याला हाकललं असतं आणि जाताना मांसही बांधून दिलं असतं.

"मी मागतोय. तुझा नवरा."

"जिवंत होतात तेव्हा जहाज दिसलं की शिव्या द्यायचात."

"आता काळ बदललाय."

"तिकडेसुद्धा बदलतो होय काळ?" ती म्हणाली. मग पंजा त्याच्या पुढ्यात सरकवून म्हणाली, "बरं."

परतताना सीला भडकली. "मेलेल्या माणसाच्या तोंडानं खोटं बोललास!"

"खोटं कसलं? नाव माझंच आहे ना?"

"त्यांच्याकडून उसनं घेतलेलं आहे."

मंडळात तापिताचा हात वर गेला तेव्हा अध्यक्ष काऊनाकला वाटलं, म्हातारीला प्रश्न कळला नाही. "आत्या, हात चुकून वर झाला का?"

"नाही."

"मग कारण तरी सांगा."

"घरचं आहे," ती म्हणाली, आणि खाली बघत बसली.

जूनमध्ये जहाजं आली. देवमासे लांबूनच वळले. एरवी देवमाशाची चरबीसकट कातडी घरोघर खायला पोचते. त्या वर्षी सगळ्या गावात मिळून एकच देवमासा आला, आणि तोही म्हातारा. काऊनाकच्या पायाखाली बर्फ फाटला. तो वाचला, पण बर्फाच्या कडांत चिरडून हाताची दोन बोटं गेली. दुकानात माणसं उघड बोलू लागली. "खाणीनं म्हातारीला किती दिले असतील?" "दहा हजार तरी!" पल्लूक त्याच रांगेत उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सिगारेट घेतली आणि मला विचारलं, "सुटे आहेत का मावशी?"

म्हाताऱ्या माणसाचा वाटा आमच्यात कुणी बुडवत नाही. शिकारी अजूनही तापिताच्या दाराशी मांस ठेवतात. चहाला मात्र कुणी आत जात नाही.

पल्लूकची मुकादमी सात महिने चालली. मग लोखंडाचा भाव पडला आणि ती जागाच रद्द झाली. तो पुन्हा डंपरवर. त्या दिवशी तो तापिताकडे गेला.

"ये रे पल्लूक. बस, बाळा."

तो दारातच थांबला. बाळ त्याला तिनं जन्मात म्हटलं नव्हतं. "अगं, असं काय करतेस? मी तुझा नवरा..."

"ते गेले," तापिता म्हणाली. "मी हात वर केला त्या दिवशीच. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. चहा घेतोस?"

त्यानं घेतला. काय करणार?

कर्टिसला बढती मिळाली आणि तो दक्षिणेला गेला. खाणीनं सात महिने एका माणसाला तासाला अकरा डॉलर जास्त दिले, तेवढाच तिचा खर्च. गावानं एका मोसमाचं मांस दिलं, काऊनाकनं दोन बोटं. बाकीचं सगळं तापितानं भरलं, आणि किती मिळाले म्हणून गाव अजून तिलाच विचारतं.