शून्य ते दहा

सौंदर्यानं पडद्यावरची अकरा वर्तुळं एका ओळीत सरकवली आणि खुर्ची वळवली.

"अव्वा, दोन प्रश्न सोडवून द्या. तुम्हाला कळले, तर सगळ्यांना कळतील."

"म्हंजे गल्लीत सगळ्यात येडी मीच व्हय?" सासू, बसव्वा, नातवाला कडेवर घेऊन आली.

पुण्याच्या कंपनीला एका दवाखान्यासाठी नेटवरची प्रश्नावली हवी होती, ती संध्याकाळच्या आत. छोटा बसवेश आजीच्या कडेवर असेल, तेवढ्याच वेळात सौंदर्याचं काम व्हायचं.

"डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं का? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी छान."

"पाच लाव."

"पण तुम्ही त्यांच्याकडं गेलाच नाहीत कधी!"

"म्हणून काय लोकांस्नी नावं ठिवायची? सगळ्यास्नी पाच लाव."

सौंदर्या हसली. सगळेच असे पाच वाटत सुटले, तर मोजायचं काय? दुसऱ्याला मार्क देताना हात सैल सुटतो. स्वतःबद्दल विचारून बघावं.

"बरं, हा ऐका. आत्ता तुमच्या अंगात किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे सोसवतच नाही."

पडद्यावरचा बाण तिनं आधीच शून्यावर नेऊन ठेवला होता.

"सात."

"अव्वा, चेष्टा नको हं. खरं सांगायचं."

"खरंच सांगतोय की."

बसव्वाचा एक हात छातीवर होता. दिवाळीपासून तो तिथंच असायचा. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी धरून ती बसली, की घरात सगळे हळू बोलत. सौंदर्याचा नवरा शशिधर तर कौतुकानं म्हणायचा, अव्वाचं ध्यान वाढलंय. आज सौंदर्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. डबी बाजूला सरकली होती. बोटं डाव्या बरगडीत रुतली होती.

तिनं माउस बाजूला सारला.

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी इचारलं?" आवाजात तक्रार नव्हती. "तूच पयली."

काहीतरी विचारायचं म्हणून सौंदर्या विचारून गेली, "मग दहा का नाही म्हणालात?"

"पोराला उचलता येतंय की अजून."

बसवेश आजीचा कान ओढून खिदळला. सौंदर्या उठली. तिनं बाळासाठी दोन्ही हात पुढे केले.

बसव्वा एक पाऊल मागं सरली.

"बस तू," ती म्हणाली. "तुझं काम ऱ्हायलंय न्हवं."