वच्छला पाहायची तसं

मुखरूने दोनदा इशाऱ्याचा डबा खोटाच वाजवला होता. पहिल्या दिवशी जळका बुंधा त्याला वाघ वाटला, दुसऱ्या दिवशी पळसाची सावली. दोन्ही वेळा बाया ओटीतली पानं सांडत पळाल्या. आज तिसऱ्या दिवशी जंगलात शिरतानाच त्यांच्यातल्या ज्योत्स्नाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "भाऊ, आज फुकट पळवलं ना, तर उद्यापासून आमचं आम्ही पाहून घेऊ. असा राखणदार नाई पायजे."

राखणदार नसणं म्हणजे काय, हे सिंदेवाहीकडच्या जंगलात कोणाला सांगावं लागत नाही. तेंदूची, म्हणजे बिडीच्या पानांची झुडपं गुडघ्याएवढी. पान तोडायला बाई वाकली की दुरून जनावरासारखी दिसते, आणि वाकलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. म्हणून एकाने उंचावर उभं राहून नुसतं पाहायचं. त्याच्या वाट्याची पानं बाकीच्या तोडून देतात. नऊ वर्षं हे काम मुखरूची बायको वच्छला करत होती. हिवाळ्यात ती तापाने गेली. तिची जागा टोळीने मुखरूला दिली. तोडणाऱ्यांत त्याची पोरगी दिव्यानी होती.

मुखरू डबा आणि काठी घेऊन खडकावर चढला. समोर नाला होता. वाघ आला तर पाण्याच्या अंगानेच येणार, असं त्याने धरलं होतं. तो पापणी न हलवता नाल्याकडे पाहत राहिला. दात आवळलेले, मान ताठ. ऊन चढलं तसं डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. त्याने बाहीने पाणी पुसलं आणि पुन्हा टक लावली. हळूहळू झाडं एकमेकांत मिसळली. नाल्याच्या काठावर पिवळं काहीतरी होतं. ते हललं.

की नाही हललं?

त्याने काठी उचलली आणि ती तशीच हातात राहिली. वाजवलं आणि काही नसलं, तर उद्या पोरगी राखणीवाचून जंगलात येणार. नाही वाजवलं आणि असलं, तर उद्याची गोष्टच नाही. दिव्यानी त्याच अंगाला वाकली होती.

खडकाच्या पायथ्याशी रुखमाबाई तोडत होती. टोळीत वयाने सगळ्यांत मोठी. तिने वर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय दिसलं गा?"

"मालूम नाई."

"मालूम नाई म्हणजे?"

"मले बराबर दिसूनच नाई राह्यलं, रुखमाबाई."

दोन दिवस हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. रुखमाबाई वर आली. तिने आधी त्याचंच तोंड पाहिलं. "डोळे कसे लाल करून ठेवले! वाघ पाहून राह्यला का सुईत दोरा ओवून राह्यला? वच्छला अशी नाई पाहे."

"ती कशी पाहे ते मले मालूम आहे. हातात पान धरून बसे, गप्पा हाणे."

"पान कायले धरे, हे इचारलं का कधी? आधी हातातलं पान पाहे, मंग दूरचं झाड. एका जागी नजर ठेवेच नाई. पापण्या मिचकावे. अन् डोळे जड झाले का मले म्हणे, रुखमा, जरा पाह्य इकडं. मंग तळहातानं डोळे झाकून बसे."

ते डोळे झाकणं मुखरूने एकदा पाहिलं होतं. झोपायला आली का जंगलात, असं तो सगळ्या बायांसमोर तिला बोलला होता. वच्छला हसली होती. तिने काही सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

"झाक आता," रुखमाबाई म्हणाली.

"आता? पोरगी तिथी आहे."

"मी पाहून राह्यली ना! झाक. अन् दाबू नको, नुसता अंधार कर."

त्याने डोळ्यांवर तळहात धरले. आधी आत लाल ठिणग्या नाचल्या. पाचोळा कुठेतरी वाजला. त्याने हात काढायला घेतले.

"नाई. अजून नाई."

पानं खुडल्याचा आवाज येत होता. दिव्यानी खोकली. तो श्वास मोजत राहिला. विसाच्या आसपास कधीतरी आवळलेले दात सुटले. ठिणग्या कमी होत गेल्या, मग काळोख झाला.

हात काढल्यावर त्याने आधी आपला तळवा पाहिला, मग डबा, मग जवळचं झुडूप, मग नाला. काठावरचं पिवळं म्हणजे वाळलेलं गवत होतं. नुसतं गवत. पण तो तिथे थांबला नाही. नजर तशीच पुढे जाऊ दिली, नाल्यावरून ऐनाच्या झाडांवर, तिथून डावीकडच्या बांबूत.

बांबूत एक कान हलला.

दिव्यानीच्या पाठीमागे, हाक जाईल इतक्या अंतरावर. रुखमाबाईलाही तो दिसला नव्हता, कारण तीही मुखरूसारखी नाल्याकडेच पाहत होती.

मुखरूने डबा वाजवला. "उभ्या राहा! वाकू नका. पळू नका कोणी."

"झालं याचं सुरू," ज्योत्स्ना म्हणाली आणि वाकलेलीच राहिली.

"डावीकडं बांबूत पाह्य. दिव्यानी, मागं नको फिरू, माये. माह्याकडं तोंड करून ये."

दिव्यानी ताठ उभी राहिली आणि खडकाकडे एकेक पाऊल टाकत आली. तेवढ्यात ज्योत्स्नाची नजर बांबूत गेली. तिच्या हातातली पानं गळून पडली. बाया एकमेकींना धरून खडकाशी गोळा झाल्या. मुखरू डबा बडवत राहिला, रुखमाबाई ओरडत राहिली. बांबूतून वाघ उठला. घाई अशी नव्हतीच त्याला. तो थोडा वेळ या गर्दीकडे पाहत उभा राहिला आणि मग पाठ फिरवून आत गेला.

त्या दिवशी पुढे कोणी पान तोडलं नाही. गावाकडच्या, शेतांमधल्या पांदणीत आल्यावर ज्योत्स्ना मुखरूच्या बरोबरीने चालू लागली.

"भाऊ, उद्या कितीक वाजता निघाचं?"

"उजेड फुटल्यावर. अन् त्या अंगाले नाई जाचं," मुखरू म्हणाला. "पण खडकावर दोघं लागतील. एकट्याच्या डोळ्यानं नाई होत. रुखमाबाई राहील माह्यासंगं, पारीपारीनं."

"हो का? अन् माही पानं कोण तोडंल?" रुखमाबाई मागून म्हणाली.

"तू पाहशील तवा मी तोडतो."

"तोडशील! कोवळं अन् जून तं समजते का तुले?"

"नाई समजत," मुखरू म्हणाला. "दाखवून दे."