निळ्या दोऱ्याची शाल

धाकटी सून घरात असून नसल्यासारखी वागते, ही मालकीणबाईंची पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की ती स्वतःशीच बडबडते. आणि तिसरी म्हणजे ती बडबड माणसांना कळेल अशा भाषेत करत नाही, इंग्रजीत करते.

"सकाळी चहा गाळताना काय म्हणते, तर आय मेक टी. लगेच पुन्हा, आय ॲम मेकिंग टी. अगं, चहा एकच ना? एकदा सांगितलंस, कळलं. दोनदा सांगून कप वाढणार आहेत का?" मालकीणबाई फोनवर लेकीला सांगत. "आणि दारात उभी राहून आय ॲम गोइंग, आय ॲम गोइंग करते. जायचं तर जा एकदाची! तोंडाने गावभर फिरते, पाय मात्र उंबऱ्यात."

लेक पलीकडून हसायची. मालकीणबाई हसत नसत.

खाली लाँड्री आणि वर घर. नवरा गेल्यावर लाँड्री बंद पडेल असं सगळ्या गल्लीने गृहीत धरलं होतं. मालकीणबाई जेमतेम अक्षरओळखीपुरत्या शाळेत गेलेल्या, पण त्यांनी गल्लीला खोटं पाडलं. धुलाईच्या वाफेत कागदाची चिठ्ठी टिकत नाही, शाई पसरते, म्हणून त्यांनी दोरे आणले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग, कॉलरच्या आत नाहीतर कोपऱ्याला एक टाका. दंतवैद्यांच्या घरचा निळा, बेकरीवाल्यांचा पिवळा, शिंप्याचा हिरवा. लाल पूर्वी एका वकिलांचा होता. ते गाव सोडून गेले, तेव्हापासून ते रीळ नुसतं पडून होतं.

"कपड्याचं तोंड बघायचं नाही, दोरा बघायचा," हा त्यांचा दुकानातला कायदा. तोंडं सारखी असतात, पांढरे सदरे तर सगळे जुळे भाऊ. या कायद्यामुळे कुणाचा रुमालसुद्धा कधी चुकला नव्हता, आणि या गोष्टीचा मालकीणबाईंना एवढा ताठा होता की त्या मानही त्याच बेताने वळवत.

धाकटीच्या बडबडीला कारण होतं. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात कपड्यांच्या खात्यावर एक बाई हवी होती. देशोदेशीचे पाहुणे कपडे देणार, ते घ्यायचे, डाग कशाचा ते विचारायचं, कधी मिळतील ते सांगायचं. धाकटीला काम येत होतं. डाग नुसता हुंगून ती कशाचा ते सांगायची. अडायचं ते इंग्रजीपाशी. ती प्रत्येक गोष्ट चालू असल्यासारखी बोलायची. आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. फोनवरच्या शिकवणीच्या मॅडम कपाळाला हात लावायच्या. नेहमीचं वेगळं आणि आत्ता चाललेलं वेगळं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटव आणि येता-जाता वाच, असंही त्यांनीच सुचवलं होतं.

मालकीणबाईंनी शिकायला हरकत घेतली नव्हती. अट मात्र घातली होती, तीही धाकट्या लेकाच्या देखत. "शीक. पण दुकानातला एक कपडा इकडचा तिकडे झाला, तर हॉटेल बंद आणि इंग्रजीही बंद." त्या घरात मालकीणबाईंचा शब्द एकदा बाहेर पडला की परत आत जात नसे.

हॉटेलातल्या मुलाखतीच्या नेमकी आदल्या सकाळी मालकीणबाईंची शाल सापडेना. करडी, जाड, काउंटरवर बसताना खांद्यावर घ्यायची शाल. ती अंगावर नसली की त्यांना आपण स्वतःच गिऱ्हाईक असल्यासारखं वाटे. वर शोधून झालं, खाली शोधून झालं. तेवढ्यात दंतवैद्यांची आई दुकानात आली, आणि शाल तिच्या खांद्यावर होती.

"पोचली हो शाल," ती म्हणाली. "कपड्यांच्या गठ्ठ्यात वरच ठेवलेली. किती ऊबदार आहे! एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून आठवण ठेवलीत. आजकाल कोण करतं एवढं?"

मालकीणबाईंच्या जिभेवर खरं आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे आमच्या लाँड्रीत घोळ झाला असं सांगायचं, आणि तेही दंतवैद्यांच्या आईला, जिच्या तोंडी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीच्या पार टोकाला पोचते.

"वापरा," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला शोभते."

ती गेली. मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी धाकट्याला हाक मारली. गठ्ठे पोचवायचं काम त्याचं.

"माझी शाल दंतवैद्यांच्या गठ्ठ्यात कुणी घातली?"

"मी," तो म्हणाला. "काउंटरवर पडलेली. निळा दोरा होता."

"आईची शाल तुला ओळखू आली नाही? जन्मापासून बघतोयस!"

"तूच म्हणतेस ना, कपड्याचं तोंड बघायचं नाही, दोरा बघायचा. मी दोरा बघितला."

मालकीणबाईंनी जिन्याकडे तोंड करून सुनेला हाक मारली. "अगं ए! खाली ये आधी!"

धाकटी हात पुसत जिन्यावरून आली. निळा दोरा तिनेच बांधला होता. तिने नाकबूल केलं नाही.

"आई, चिठ्ठ्या चिकटवल्या तर खालच्या वाफेने दोन तासांत गळून पडायच्या. म्हणून दोरे बांधले. लाल म्हणजे नेहमीचं, निळा म्हणजे आत्ता चाललेलं. शालीची कड उसवली होती, मी ती शिवत होते, म्हणून निळा. वर घरातच बांधलेला हो. खाली तुम्ही आणलीत."

"म्हणजे चूक माझी?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"चल वर. एकूण एक दोरा सोडायचा. माझ्यासमोर."

वर गेल्यावर मालकीणबाईंना दिसलं की त्यांच्या घराला दोऱ्यांची पालवी फुटली होती. इतके दिवस त्या त्यातूनच ये-जा करत होत्या. त्यांनी नळाकडे बोट केलं. "ह्याला लाल का?"

"द टॅप लीक्स. नेहमीच गळतो."

"खिडकीला निळा?"

"रंगारी ती रंगवतायत. दे आर पेंटिंग इट. अर्धीच झालीय."

"आणि माझ्या चष्म्याच्या डबीला?"

धाकटी घुटमळली. "लाल. मदर फाइंड्स एव्हरीथिंग. म्हणजे, तुम्हाला सगळं सापडतं."

धाकटा जिन्यात खोकला. मालकीणबाईंनी नुसतं वळून बघितलं, तेवढ्याने त्याचा खोकला बरा झाला.

दाराची कडी, कुंडी, घड्याळ. त्या विचारत गेल्या, ती सांगत गेली, आणि एकेक दोरा सोडत गेली. मॅडमसमोर अडखळणारी ही बाई सासूसमोर मात्र कुठे अडत नव्हती. मालकीणबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण अडखळणारं माणूस आणि न अडखळणारं माणूस, एवढं त्यांना काउंटरवर बसून ओळखता येत होतं.

शेवटी त्या खाली आल्या, धाकटीच्या इस्त्रीच्या टेबलापाशी. तिथे दोरा नव्हता.

"इथे का नाही?"

"कुठला बांधायचा ते ठरेना."

"त्यात काय ठरवायचंय?"

"आय आयर्न म्हटलं तर मी इस्त्रीवालीच. जन्मभराची. आय ॲम आयर्निंग म्हटलं तर सध्यापुरती." धाकटीने मुठीतले सोडलेले दोरे टेबलावर ठेवले. "मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ते तुझं तुला माहीत. पण ते मला कुठे माहीत आहे, आई? ते तुम्हाला माहीत."

इस्त्री तापून टिकटिकत होती. धाकटा दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, तू अट घातली होतीस. कपडा तर चुकला."

"कोण म्हणतं चुकला?" मालकीणबाई कडाडल्या. "शाल काय गिऱ्हाइकाची होती? माझी होती, मी दिली. त्या बाईला विचार जा, तिच्या तोंडावर 'वापरा' म्हणाले की नाही. या दुकानात कपडा चुकत नाही."

मग त्या सुनेकडे वळल्या. टेबलावरचे दोरे त्यांनी गोळा केले, लाल एका हातात, निळे दुसऱ्या.

"आणि तू ऐक. जी बाई दोऱ्याशी खेळते, तिला माझ्या दुकानात जागा नाही. हे टेबल आजपासून तुझं नाही. उद्या त्या हॉटेलात जायचं, मी विचारलं तेव्हा बोललीस तसं बोलायचं, आणि नोकरी घेऊनच घरी यायचं. नाही मिळाली तर दुसरं हॉटेल बघायचं, इस्त्रीला हात लावायचा नाही. पहिल्या पगारात मला शाल आण, करडीच. आणि तिला दोरा बांधलास ना, तर याद राख!"