शेवटचा तीन

“आजोबा, रुको ना! विश्वासआजोबा नंबर लिहितायत,” शमिका म्हणाली, आणि यशवंतरावांनी नातीसाठी मुद्दाम आणलेली गरम जिलबी पुडीतच राहिली.

हिंदी मुलखातल्या इंद्रपुरी वसाहतीतल्या त्या दोन घरांचे ओटे एकमेकांना लागून होते. शेजारच्या ओट्यावर विश्वास मांडी घालून खडूने फरशीवर लिहीत होता. नात यशवंतरावांची, पाढे त्यांनी शिकवलेले, आणि सुट्टी लागली की पोरगी दिवसभर त्याच्याकडे! यशवंतरावांच्या पोटात दुखायचं. चांगलंच दुखायचं.

कारखान्यात दोघे एकाच शेडमध्ये होते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पोलादी पत्र्यावर खडूने एक संख्या लिहायची आणि बाकीच्यांनी ती तोडायची, म्हणजे तिला पूर्ण भागणारी दुसरी संख्या शोधायची. तोडणाऱ्याला पोहे-जिलबी. सगळ्यांच्या संख्या तुटल्या, विश्वासची तेवढी तुटली नाही: ७३९३९१३३. वर तिचा नखरा असा, की उजवीकडून एकेक आकडा पुसत जा, जे उरेल तेही मूळच, कशानेच न तुटणारं. याहून मोठी अशी संख्याच नाही, हे विश्वास ज्या थाटात सांगे, तो थाट जास्त झोंबे. निवृत्त होईपर्यंत यशवंतराव तिला भाग देत राहिले. बायकोचा वाढदिवस ते विसरत, ही संख्या नाही.

गेल्या वर्षी विश्वासला अर्धांगाचा झटका येऊन गेला. तेव्हापासून हात थरथरायचा, बोलणं अडखळायचं. आज त्याने लिहिलं: ७३९३९१३१.

शेवटी तीन हवा होता. यशवंतरावांना ते तत्काळ दिसलं, पण ते बोलले नाहीत. आधी त्यांनी मनात बेरीज केली.

“छत्तीस!” ते जागेवरून ओरडले. “आकड्यांची बेरीज छत्तीस. नवाने तुटतो हा! शमे, करून बघ.”

शमिकाने बोटांवर मोजलं. “अरे हां! विश्वासआजोबा, ये तो टूट गया!” ती उडी मारून यशवंतरावांच्या ओट्यावर आली आणि तिने पुडी उघडली.

विश्वास भांडेल, असं त्यांना वाटलं होतं. तो आकड्यांवरून बोट फिरवू लागला.

“तुटला? म्हणजे इतकी वर्षं... मी सगळ्यांना खोटंच सांगत होतो की रे.” मग घराकडे वळून बायकोला म्हणाला, “मंजूषा, यशवंतला पोहे टाक. जिंकला तो.”

यशवंतराव अनवाणीच उठले. खाली वाकून त्यांनी थुंकी लावलेल्या अंगठ्याने शेवटचा एक पुसला आणि तिथे तीन काढला.

“हा तुझा नंबर. तू चुकीचा लिहिलास तेव्हाच दिसलं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“जळतो मी तुझ्यावर. म्हणून.”

विश्वास अर्ध्या ओठाने हसला. शमिका जिलबी हातात घेऊन पुन्हा त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि यशवंतरावांच्या पोटात पुन्हा दुखलं.

विश्वास थरथरत्या बोटाने एकेक आकडा पुसू लागला. शमिका दरवेळी मोबाइलवर तपासत होती. “नहीं टूटा. ये भी नहीं टूटा.” शेवटी फरशीवर एकटा सात राहिला.

मंजूषावहिनींनी पोह्यांची बशी आणून यशवंतरावांच्या हातात दिली. त्यांनी ती विश्वासपुढे ठेवली.