दोनच गाड्यांचा सराव

अरे ऐका ना, आधी ऐका, हसायचं ते नंतर हसा. मी आत्याच्या रेसिंग टीममध्ये टायर बदलते, माहितीये ना? सहा टीम, प्रत्येकीच्या दोन गाड्या, आणि आम्ही सहावे. तिकिटांचे नि टीव्हीचे जे काही पैसे येतात, त्यातले सत्तर टक्के पहिल्या टीमला. उरलेल्यात बाकी पाच जणांनी भागवायचं. आत्यानं या वर्षी सरळ सांगून टाकलं होतं, "वाटणी बदलली नाही तर ही आपली शेवटची शर्यत. माझ्याकडे विकायला आता काही उरलेलं नाही."

आणि बदलायची तर सहाच्या सहा मालकांच्या सह्या लागतात!

मग काय, शनिवारी सरावाआधी टायरच्या खोलीत बैठक. खुर्च्या नाहीतच, सगळे मालक टायरांवर बसलेले. आत्या म्हणाली, "अर्धे पैसे सगळ्यांना सारखे, उरलेले अर्धे नंबराप्रमाणे."

चॅम्पियन टीमचे मालक, त्यांना सगळे साहेबच म्हणतात, ते हसले. "ताई, लोक तिकीट काढतात ते आमच्या गाड्यांसाठी. तुमची गाडी बघायला तुमच्या भाचीशिवाय कोण येतं?"

सगळे खो खो हसले. खरं सांगू? मीपण तोंड फिरवून हसले.

आत्या उठली. "बरं. मग आज तुमच्याच गाड्या दाखवा लोकांना."

बाहेर आली नि धाडकन आमच्या गॅरेजचं शटर खाली ओढलं! मग शेजारच्या टीमनं आपलं ओढलं, मग त्याच्या पुढच्यांनी; उरलेल्यात भागवणारे तेही होतेच ना! दोन नंबरच्या टीमवाल्याचा चेहरा तर बघण्यासारखा होता, कारण त्याला दरवर्षी वाटतं की पुढच्या वर्षी सत्तर टक्के आपलेच. शेवटी त्यानंही ओढलं, पण अर्धंच!

झालं, ट्रॅकवर साहेबांच्या दोनच गाड्या. घूंऽऽ गेली, घूंऽऽ गेली. माइकवाला तरी काय बोलणार? "पहिली गाडी पुढे आहे... दुसरी तिच्या मागे आहे..." दहा मिनिटांत अर्धी गॅलरी चहाला! शेवटी साहेबांचा ड्रायव्हर स्वतःच आत आला, हेल्मेट काढलं नि म्हणाला, "साहेब, मागे टाकायला कोणीतरी द्या ना!"

साहेब तडक आमच्याकडे. मी शटर वर केलं.

"ताई, अर्धे नाही. चाळीस टक्के सारखे वाटू."

"अर्धे."

"पंचेचाळीस?"

"अर्धेच. पण त्याआधी पाच टक्के चॅम्पियनचे बाजूला काढा. तुम्ही जिंकता, ते मला दिसतं."

हे साहेबांना अपेक्षितच नव्हतं! मग आमच्याच बॉनेटवर कागद ठेवून सही केली. दोन नंबरवाल्यानं तीनदा वाचला, पण केली. सहा सह्या!

आणि रविवारची शर्यत! आमच्या गाडीनं साहेबांच्या गाडीला तीन फेऱ्या पुढे जाऊ दिलं नाही, तीन! गॅलरी उभी राहिलेली, साहेब आपल्याच ड्रायव्हरवर ओरडतायत. मी उड्या मारत म्हटलं, "आत्या, पुढच्या वर्षी आपण..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी! समोर बघ, गाडी आत येतेय!"